आकाशाचे दफ्तर आणि खानदेश

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले पाटण हे स्थान आज देवीच्या मंदिरामुळे आणि भोवतालच्या अरण्यामुळे सर्व खानदेशास परिचित आहे. परंतु विद्येच्या इतिहासात त्याचे नाव राहिले आहे ते तेथील एका शिलालेखामुळे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता, आणि आपल्या पितामहाच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’प्रभृती ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे या हेतूने त्याने येथे एक मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवाने इ. स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठास दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून अखेरच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, आणि त्यांत बाजारातील देवघेवीतून व दर तेलघाण्यामागे पळीभर तेलाच्या रूपाने मठास काय मिळावे याचा तपशील नोंदला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या दृष्टीस आणला.

या दानातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजसत्तेने आणि बाजारपेठेने मिळून जो भार उचलला तो पूर्वी झालेल्या कामाच्या अध्ययनाचा भार होता. म्हणजे संचित ज्ञान वाचणे, ते गणिताने तपासणे आणि पुढच्या पिढीच्या हाती देणे हेही ज्योतिषाचेच कार्य आहे, हे आठशे वर्षांपूर्वीच्या खानदेशास मान्य होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक म्हणून काही काळ नोकरीस होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही बाहेर पडला. दीक्षितांची कीर्ती मोठ्या दुर्बिणीवर उभी नाही. सिद्धान्त, करणे, सारण्या, ताम्रपटांवरील तिथी आणि प्रत्येक विधानाचा गणिताने पडताळा पाहण्याची असामान्य चिकाटी, यांवर ती उभी आहे. आज संगणकाच्या पडद्यावर आकाशाच्या पाहणीची माहिती उघडून बसणारा विद्यार्थी याच परंपरेत बसतो असे माझे मत आहे, आणि ते मत का बनले हे सांगावयाचे तर प्रथम आकाशाची पाहणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

ज्योतिर्विदाचे जे चित्र आपल्या मनात असते त्यात तो एक तारा किंवा एक ग्रह निवडतो, त्याच्याकडे दुर्बीण रोखतो आणि जे दिसेल ते टिपून ठेवतो. पाहणीचा शिरस्ता याहून वेगळा आहे. तिथे आकाशाचा एखादा मोठा पट्टा, अथवा सारे आकाशच, ठरलेल्या क्रमाने, एकाच यंत्राने आणि एकाच नियमाने टिपले जाते. कोणता तारा महत्त्वाचा व कोणता नाही याचा निवाडा आधी केला जात नाही. आणि जे जे टिपले गेले त्या प्रत्येकाची स्थाने, तेज आणि वर्ण यांची नोंद एका सूचीत केली जाते. खानदेशच्या शेतकऱ्यास ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्याच्या जमिनीची अशीच मोजणी झालेली आहे. कोणाची केळीची बाग आणि कोणाची पडीक जिराईत असा भेद न करता प्रत्येक शेतास गट नंबर, क्षेत्र, आकार आणि प्रत मिळाली, आणि त्या नोंदीवरून पुढे कोणीही कोणताही प्रश्न सोडवू शकला. मात्र हेही स्मरणात असावे की १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूच्या रयतेने इंग्रजांच्या मोजणीस उघड विरोध केला होता. आपल्याच जमिनीची नोंद परक्याच्या दफ्तरात, परक्याच्या हेतूने लिहिली जात आहे हे तिला कळत होते. दफ्तर कोण लिहितो याइतकाच, ते कोणास वाचता येते हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

आकाशाच्या अशा पाहणीचा एक मोठा आंतरराष्ट्रीय संकल्प १८८७ साली पॅरिस येथे झाला. जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले आणि छायाचित्रांच्या काचांवरून ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे काम अंगावर घेतले. या कामात अजिंठ्यापलीकडच्या निजामाच्या मुलखाचाही वाटा होता: हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने दक्षिणेकडील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा, आणि पुढे उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टा पुरा करून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची छापली. हे काम किती कष्टाचे होते याची कल्पना आज करणे कठीण आहे. आणि ते पुरे झाल्यावरही त्या छापील खंडांचा लाभ कोणास झाला? ज्यांच्या ग्रंथालयात ते होते त्यांस. जळगाव किंवा धुळ्याच्या अभ्यासकास ते पाहावयाचे तर हैदराबादची वाट धरावी लागली असती.

ही स्थिती पालटली ती अगदी अलीकडे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात, अपाचे पॉइंट येथील अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने २००० साली ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ ही पाहणी सुरू केली. तिची माहिती आरंभापासूनच अंकरूपात होती, आणि २००१ साली ॲलेक्स सालाय हे खगोलशास्त्रज्ञ व जिम ग्रे हे संगणकशास्त्रज्ञ यांच्या प्रयत्नांतून ‘स्कायसर्व्हर’ नावाचे संकेतस्थळ उघडले गेले, ज्यावर ती सारी सूची कोणासही, कोठूनही, विनामूल्य पाहता येऊ लागली. या व्यवस्थेमागील विचार साधा पण दूरगामी होता. माहितीचा साठा इतका अवाढव्य होणार होता की तो प्रत्येकाच्या संगणकावर उतरवून घेणे अशक्य ठरणार. म्हणून साठा जेथे आहे तेथेच राहावा, अभ्यासकाने आपला प्रश्न तेवढा तिकडे पाठवावा, आणि उत्तर म्हणून त्याच्या कामापुरत्या नोंदी त्याच्याकडे याव्यात. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या पाहणीने हाच मार्ग पत्करला आहे. ज्यांनी वेध घेतले त्यांना काही मुदतीपर्यंत प्रथम हक्क राहतो, आणि ती मुदत संपली की दफ्तर सर्वांस खुले होते. कित्येक पाहण्यांत तर ती मुदतही ठेवली जात नाही.

हे औदार्य नुसते औदार्य नव्हे. सार्वजनिक पैशातून झालेले काम सार्वजनिक असावे हा त्यात न्याय आहे, आणि जगातील सगळे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसले तरी त्यांनी विचारलेच नाहीत असे प्रश्न त्या साठ्यात शिल्लक राहतात हा व्यवहारही आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू, आणि त्यासाठी कृत्तिकांहून अधिक योग्य उदाहरण मला सुचत नाही. कार्तिकात संध्याकाळी पूर्वेस उगवणारा हा तारकापुंज आपल्या ग्रामीण जनतेस आजही ओळखता येतो. नुसत्या डोळ्यांना त्यातील सहा-सात तारे दिसतात. हे तारे खरोखरच एकमेकांचे सोबती आहेत की आपल्या दृष्टीच्या रेषेत योगायोगाने आलेले आहेत? असतील तर त्यांच्यात आणखी किती न दिसणारे तारे आहेत? आणि ते आपल्यापासून किती दूर आहेत? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जळगावच्या वसतिगृहातील मुलगी साध्या संगणकावर एका दुपारी काढू शकते.

युरोपीय अवकाश संस्थेचे ‘गाया’ हे यान डिसेंबर २०१३ मध्ये सोडले गेले आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर दूर राहून जानेवारी २०२५ पर्यंत ते आकाशाचे वेध घेत होते. त्याची तिसरी सूची जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत सुमारे १८१ कोटी नोंदी आहेत, आणि त्यांतील १४६ कोटींहून अधिक ताऱ्यांचे लंबन दिलेले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असता जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात जो किंचित हललेला दिसतो तो कोन म्हणजे लंबन. तारा जितका जवळ तितके लंबन मोठे. हा कोन इतका सूक्ष्म असतो की तो मिलिविकलांत, म्हणजे एका अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागात मोजतात. गणित मात्र शालेय आहे: एक हजारास मिलिविकलांतील लंबनाने भागले की अंतर पार्सेकमध्ये मिळते, आणि एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे.

गायाच्या दफ्तराचे संकेतस्थळ उघडावे; त्यासाठी खातेही काढावे लागत नाही. तेथे एक रिकामी चौकट मिळते, जीत आपला अर्ज लिहावयाचा असतो. या अर्जाची भाषा ‘एस्क्यूएल’ या सुप्रसिद्ध संगणकीय भाषेचीच एक शाखा असून तिची रचना अत्यंत सुबोध आहे. आधी कोणते रकाने हवेत ते सांगावयाचे, मग ते कोणत्या सूचीतून हवेत ते सांगावयाचे, आणि अखेरीस कोणत्या अटी पाळणाऱ्याच नोंदी हव्यात ते सांगावयाचे. आपला अर्ज असा: ताऱ्याचे स्थान, लंबन, आकाशातील सरक, तेज आणि वर्ण हे रकाने द्यावेत; सूची तिसरी; अट अशी की विषुवांश ५६.७५ आणि क्रांती उत्तर २४.१२ अंश (आकाशाचे जणू रेखांश व अक्षांश) या कृत्तिकांच्या मध्यबिंदूभोवती दोन अंशांच्या वर्तुळात तो तारा असावा, आणि त्याचे लंबन साडेसहा ते सव्वाआठ मिलिविकलांच्या दरम्यान असावे. अर्ज पाठवला की काही क्षणांत त्या वर्तुळातील हजारो ताऱ्यांच्या गर्दीतून निवडलेल्या काही शेकडा नोंदींचा तक्ता समोर येतो.

हा तक्ता उतरवून ‘टॉपकॅट’ या विनामूल्य प्रणालीत उघडावा. ब्रिस्टल विद्यापीठातील मार्क टेलर यांनी लिहिलेली ही प्रणाली अशा तक्त्यांसाठीच घडवलेली आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. पहिला आलेख काढावा तो सरकीचा: प्रत्येक तारा दरवर्षी पूर्वेस किती आणि उत्तरेस किती सरकतो याचा. पडद्यावर विखुरलेल्या ठिपक्यांच्या मध्ये एका ठिकाणी ठिपक्यांचा दाट पुंजका उमटतो. त्याचे स्थान पूर्वेस सुमारे २० आणि दक्षिणेस सुमारे ४५ मिलिविकला असे असते. इतके सारे तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत, याचा अर्थ ते एका कुळातले आहेत; आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. या वेगाने आकाशात चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर तोडण्यास त्यांस सुमारे छत्तीस हजार वर्षे लागतील; ती सरक यानाने काही वर्षांच्या वेधांत मोजली, ही मानवी कौशल्याची परिसीमा आहे.

पुंजक्याबाहेरचे ठिपके वगळून उरलेल्या ताऱ्यांच्या लंबनाचा मध्य काढला तर तो ७.३५ मिलिविकलांच्या आसपास येतो. हजारास त्याने भागले की १३६ पार्सेक, म्हणजे सुमारे ४४४ प्रकाशवर्षे. यानंतर दुसरा आलेख काढावा: आडव्या अक्षावर वर्ण, उभ्या अक्षावर तेज. आता ठिपके एका सुरेख वक्र पट्ट्यात मांडले जातात. वर डावीकडे उष्ण निळे तारे, खाली उजवीकडे थंड तांबूस. डोळ्यांना दिसणाऱ्या सहा-सातांऐवजी शेकडो कृत्तिका समोर असतात, आणि त्यांतील बहुसंख्य सूर्याहून मंद असतात. या पट्ट्याकडे नीट पाहावे. त्याच्या किंचित वर, त्याला समांतर असा दुसरा विरळ पट्टा दिसतो. तो कसला? दोन सारखे तारे एकमेकांच्या इतके निकट असले की यानासही ते वेगळे दिसत नाहीत, तर दोघांचे तेज एकत्र मोजले जाते. दुप्पट तेज म्हणजे ताऱ्यांचे तेज मोजण्याच्या ‘प्रत’ या मापात पाऊण प्रतीचा फरक. आणि तेवढ्याच उंचीवर तो दुसरा पट्टा आहे. म्हणजे जे जोडतारे कोणत्याही चित्रात वेगळे दिसत नाहीत ते केवळ नोंदींच्या मांडणीतून उघड झाले. हा क्षण ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अनुभवला त्यास खगोलशास्त्र म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

परंतु तक्ता मिळाला म्हणजे सत्य मिळाले असे मानणे घातक आहे, आणि याचा धडाही कृत्तिकांनीच दिला आहे. गायापूर्वी ‘हिपार्कोस’ नावाच्या यानाने १९८९ ते १९९३ या काळात वेध घेतले आणि १९९७ साली त्याची सूची प्रसिद्ध झाली. तीवरून कृत्तिकांचे अंतर सुमारे ११८ पार्सेक निघाले. इतर मार्गांनी आलेले अंतर मात्र १३० पार्सेकच्या पुढे होते. अंतर दहा-बारा टक्क्यांनी कमी झाले तर ताऱ्यांचे खरे तेज कमी ठरते, आणि मग ताऱ्यांच्या अंतर्रचनेचा आपला सिद्धान्तच कोठे चुकतो आहे असे मानावे लागते. यास्तव हा वाद अनेक वर्षे चालला. २०१४ साली परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या रेडिओ-दुर्बिणींच्या संयुक्त वेधांनी १३६ पार्सेक हे अंतर दिले आणि पुढे गायाने त्यास दुजोरा दिला. ज्यांचे दफ्तर चुकले होते ते सामान्य कारकून नव्हते. परंतु नोंद कितीही अधिकृत असली तरी तिची रुजवात स्वतंत्र मार्गाने घेतली पाहिजे, हा नियम विज्ञानात कोणासही माफ होत नाही.

म्हणूनच प्रत्येक सूचीत मोजलेल्या आकड्याशेजारी त्याच्या संभाव्य त्रुटीचा रकाना असतो, आणि नवशिका अभ्यासक नेमका तोच रकाना मागवावयास विसरतो. गायाच्या सूचीत काही ताऱ्यांचे लंबन ऋण दिलेले आहे. ते पाहून विद्यार्थी गोंधळतो, कारण ऋण अंतर संभवत नाही. वस्तुतः फार दूरच्या ताऱ्याचे लंबन शून्याच्या इतके जवळ असते की मोजणीतील अपरिहार्य त्रुटी त्यास कधी धन आणि कधी ऋण बाजूस ढकलते. ते आकडे प्रामाणिकपणे तसेच ठेवले आहेत, आणि ते खोडून टाकले तर उरलेल्यांचा मध्य खोटा येतो. तसेच कोणत्याही पाहणीस दिसण्याची एक मर्यादा असते. अतिमंद तारे तिला दिसत नाहीत, आणि गायासारख्या सूक्ष्म यंत्रास अतितेजस्वी तारेही नीट मोजता येत नाहीत. दूर जावे तसे केवळ दीप्तिमान तारेच नोंदीत उरतात. त्यावरून कोणी दूरचे सर्व तारे दीप्तिमान असतात असा निष्कर्ष काढील तर तो फसेल. दफ्तरात काय आहे हे वाचता येणे ही अर्धी विद्या. त्यात काय येऊच शकत नव्हते हे ओळखणे ही उरलेली अर्धी, आणि माझ्या मते अधिक अवघड.

अशा वाचनातून केवढे शोध लागू शकतात याचे प्रमाण महाराष्ट्रात, पुण्यातच आहे. २०१७ साली ‘आयुका’ या संस्थेचे जॉयदीप बागची, पुण्याच्याच ‘आयसर’ मधील संशोधक शिशिर संख्यायन, आयुकातील प्रतीक दाभाडे, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या एका प्रचंड महासमूहाचा शोध जाहीर केला आणि त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. मीन राशीच्या दिशेस, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर असलेल्या या महासमूहाचा विस्तार सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षे असून त्यात दीर्घिकांचे किमान ४३ मोठे समूह आहेत. हा शोध लागला तो वर सांगितलेल्या स्लोन पाहणीच्या खुल्या दफ्तरातून. त्या पाहणीत दीर्घिकांचे वर्णपट घेण्यासाठी ॲल्युमिनिअमच्या गोल तबकड्यांवर प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एक याप्रमाणे ६४० छिद्रे पाडीत आणि प्रत्येक छिद्रात काचतंतू हाताने बसवीत. वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूस किती सरकल्या आहेत त्यावरून अंतर निघे. हे हस्तकौशल्य न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर झाले. त्या अंतरांच्या राशीत एक भिंत उभी आहे हे पुण्यात ओळखले गेले. २०२५ साली पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश-दुर्बिणीच्या वेधांत सुमारे १२ अब्ज प्रकाशवर्षांवरील एक सुघटित सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिले.

महाराष्ट्र या व्यवहारात केवळ घेणारा आहे असेही नाही. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी विशाल रेडिओ-दुर्बीण आहे तिने २०१० ते २०१२ या काळात आकाशाच्या सुमारे नव्वद टक्के भागाची पाहणी केली, आणि त्या नोंदींतून सिद्ध झालेली सहा लाखांहून अधिक रेडिओ-स्रोतांची सूची व चित्रे आज जगभरचे अभ्यासक वापरतात. निरनिराळ्या देशांतील दफ्तरे एकमेकांशी एका भाषेत बोलावीत, म्हणजे एका सूचीतील नोंद दुसरीतील नोंदीशी जुळवून पाहता यावी, यासाठी ‘आभासी वेधशाळा’ नावाची जी आंतरराष्ट्रीय योजना २००२ पासून आकारास आली, तीत आयुकाच्या अजित केंभावी यांच्या पुढाकाराने आणि पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीच्या साहाय्याने भारताने भाग घेतला. ‘व्हीओप्लॉट’ ही आलेख काढण्याची प्रणाली त्यातूनच निर्माण झाली.

ज्यांस गणिताची वा संगणकीय भाषेची भीती वाटते त्यांनाही द्वार बंद नाही. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील केंद्राच्या ‘अलादीन’ या साधनात कोणत्याही ताऱ्याचे नाव घालावे, की त्या स्थानाची दृश्य, अवरक्त, रेडिओ अशी निरनिराळ्या पाहण्यांतील चित्रे एकावर एक ठेवून पाहता येतात. ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम २००७ साली सुरू झाला तेव्हा दीर्घिकांची चित्रे पाहून त्यांचे आकार ठरविण्याचे काम सामान्य नागरिकांवर सोपविले गेले, आणि त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या हॉलंडमधील शाळाशिक्षिकेस एका चित्रात निळसर तेजाचा असा विलक्षण मेघ आढळला की तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली सुरू केलेला ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस खोडदच्या दुर्बिणीची चित्रे वाचावयास शिकवितो.

आता खानदेशाकडे वळतो. जून ते सप्टेंबर आकाश मेघाच्छादित. शहरांभोवती दिव्यांचा झगमगाट वाढलेला. सातपुड्यात तोरणमाळसारखी काळोखी स्थाने आहेत, पण तेथवर मोठे यंत्र नेणे सामान्य महाविद्यालयाच्या ऐपतीबाहेरचे. शिवाय एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे: मोठ्या हौसेने दुर्बीण खरेदी करावयाची, उद्घाटन करावयाचे आणि मग ती कपाटात कुलूपबंद ठेवावयाची, असे ठिकठिकाणी घडते, कारण ती हाताळणारा माणूस बदलून जातो. दफ्तराच्या अभ्यासास या अडचणी येत नाहीत. त्यास ढग अडवीत नाहीत, रात्र लागत नाही, आणि जळगावच्या प्रयोगशाळेतून विचारलेल्या प्रश्नास जे उत्तर मिळते तेच केंब्रिजमधून विचारलेल्या प्रश्नास मिळते. विद्येच्या क्षेत्रात इतकी निखळ समता मी अन्यत्र पाहिलेली नाही.

उणीव आहे ती दोन गोष्टींची. या साधनांविषयीची सारी मार्गदर्शक माहिती इंग्रजीत आहे, आणि ती वाचताना यावल, शिरपूर किंवा साक्रीहून आलेला बुद्धिमान मुलगा शास्त्रापाशी नव्हे, भाषेपाशी अडतो. दुसरी उणीव जवळच्या मार्गदर्शकाची. पहिल्या अर्जात स्वल्पविराम चुकला आणि पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार आली, की शेजारी बसून ‘पुन्हा लिही’ म्हणणारा कोणी लागतो. तो नसला म्हणजे उत्साह त्याच दिवशी संपतो. या दोहोंवर उपाय आपल्या हाती आहे. आयुका ही संस्था १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली ती मुळी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील शिक्षकांस साहाय्य करण्यासाठी. शिक्षकांनी तेथे जावे, राहावे, काम करावे आणि परत आपल्या गावी जाऊन शिकवावे अशी तिची रीतसर योजना आहे, आणि पुणे खानदेशापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.

काळही अनुकूल आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हापुन्हा टिपणार आहे, आणि आकाशात जे जे बदलले त्याच्या दर रात्री लक्षावधी सूचना सर्व जगास खुल्या मिळाव्यात अशी तिची तजवीज आहे. गायाची चौथी सूची डिसेंबर २०२६ मध्ये प्रसिद्ध करण्याचे जाहीर झाले आहे. हे दफ्तर वाचणारे डोळे जगात कमीच पडणार आहेत.

यास्तव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न अशा जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान, गणित आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांस माझी विनंती आहे की पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्पासाठी जी जागा आहे तीत येत्या सत्रापासून कृत्तिकांचा हा एक प्रयोग घालावा. प्रत्येक महाविद्यालयातील एका तरी शिक्षकाने आयुकाशी पत्रव्यवहार करून तेथे काही दिवस काढावेत. आणि जे काही शिकाल ते मराठीत, पायरीपायरीने, चुका कोठे होतात त्यांसह लिहून काढून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. यासाठी निधीची मंजुरी लागत नाही. एक संगणक, महाजालाची जोडणी आणि शिकवण्याची इच्छा एवढे पुरे आहे.